पुरण खाल्लेलं कुलूप

आधी एक गोष्ट साफ सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाद नको. बापूसाहेबांचं बंदुकीचं कपाट पाण्यानं उघडलं न्हाई. कुंभार पिंपळगावच्या बाजारात कोणी काही बी सांगो, आक्का काही बी सांगो. ते रॉकेलानं उघडलं, अन् रॉकेल मी घातलं होतं. पाणी मागून आलं. आता पुढं वाचा.

माझं दुकान परतूरला, स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्याला. कुलपं, कपाटं, तिजोऱ्या. आता दुकान पुतण्या बघतो अन् मी खुर्चीवर बसून पुतण्याला बघतो. शाळा माझी तिसरीपर्यंत. गुरुजींच्या टेबलाचा खण खिळ्यानं उघडून दाखवला, त्यात छडी होती, ती गुरुजींना काढून दिली. पुढं काय झालं ते समजून घ्या. पण हाताला काम त्या दिवशीच सापडलं.

लोकांना वाटतं, कुलूप जितकं मोठं तितकं पक्कं. बिलकुल न्हाई. आमच्याकडच्या एका आडत्यानं नारळाएवढं कुलूप आणलं अन् गोदामाला लावलं. कोयंडा मात्र जुनाच, दोन बारक्या स्क्रूवर लटकलेला. चोरानं कुलपाकडं बघितलं बी न्हाई. पेचकसानं कोयंडा उतरवला, आत गेला, काम केलं, अन् ते कुलूप लावलेलं तसंच उंबऱ्यावर ठेवून गेला. सकाळी आडत्या माझ्याकडं आला अन् म्हणतो, "मिस्त्री, सगळं गेलं, पण कुलूप शाबूत आहे बरं का. माल चांगला दिला तुमी."

म्हणून गिऱ्हाईक आलं की मी कुलूप नंतर दाखवतो. आधी विचारतो: दार कशाचं? चौकट कशाची? बिजागऱ्या आत का बाहेर? कोयंडा कोणी ठोकला? अन् शेवटी विचारतो, चावी कुठं ठेवता. यावर माणूस लाजतो. देवाच्या फोटोमागं, नाहीतर ज्वारीच्या कणगीत. अहो, चोर बी याच मुलखातला असतो. त्याच्या घरी बी चावी तिथंच असते. एका बाईनं तर चावी हरवू नये म्हणून सुतळीनं कुलपालाच बांधली होती. मी म्हणलं, "बाई, हे काय?" तर म्हणे, "मंग सापडाया नको का?"

असो. बंदुकीच्या कपाटाकडं येतो.

बापूसाहेब म्हणजे कुंभार पिंपळगावच्या पुढल्या एका गावचे बागाईतदार. गावाचं नाव सांगत न्हाई. बंदूक कोणत्या घरात आहे हे छापायचं नसतं, हा बी आमच्या धंद्याचाच नियम. मोसंबीची मोठी बाग, बागेत रानडुकरं अन् रोही, म्हणजे नीलगायी, घुसायच्या, म्हणून त्यांच्या वडलांनी बारा बोअरची बंदूक घेतली होती. वडील गेल्यावर तो परवाना आपल्या नावावर करून घ्यायला बापूसाहेबांनी इतक्या चकरा मारल्या, की तितक्या चकरांत एखाद्यानं दुसरं लग्न करून मोडलं असतं. ती बंदूक म्हणजे त्यांना वडलांची शेवटची निशाणी. डुकराला तिचा आवाज फारसा ठाऊक नसावा, पण गावाला तिची इज्जत ठाऊक होती.

पहिलं कपाट त्यांच्या पोरानं पुण्याहून पाठवलं होतं, अंगठा लावून उघडायचं. दिसायला नवरदेवासारखं चकचकीत. पण बापूसाहेबांचा अंगठा मोसंबीच्या काट्यांनी अन् खुरप्यानं घासून घासून पार गुळगुळीत. राशनच्या मशीनला जो अंगठा ओळखू येत न्हाई, तो ह्या कपाटाला काय ओळखू येणार? अंगठा लावला की ते लाल दिवा दाखवून बोंबलायचं. घरचा मालकच चोर! शेवटी सुनेच्या अंगठ्यानं उघडायचं ठरलं, तर सून माहेरी गेली की बंदूक बी माहेरी गेल्यासारखी. मंग बापूसाहेब माझ्याकडं आले.

"मिस्त्री, असं कपाट बनवा, की चोराच्या सात पिढ्यांना उघडलं न्हाई पाहिजे."

मी म्हणलं, "बनवतो. पण मधी बोलायचं न्हाई."

जाड पत्रा घेतला, दोन पदरी. बिजागऱ्या आतून, म्हणजे बाहेरून कापायला काही सापडायचं न्हाई. आता बघा, कपाट कितीही भारी असलं तरी चोर ते उघडत बसत न्हाई, उचलून नेतो अन् रानात निवांत फोडतो. म्हणून ते भिंतीला अन् फरशीला मोठ्या बोल्टांनी आवळलं, अन् नट आतल्या बाजूनं. कपाट हलवायचं तर आधी उघडावं लागंल, अन् उघडलं तर हलवायची गरजच काय? ही माझी अक्कल.

कुलूप मी स्वतः केलं. आत पितळी पट्ट्या असतात, चावीचा एकेक दात एकेक पट्टी बराबर तिच्या उंचीला उचलतो, तेव्हा कुलूप सरकतं. ह्यात मी सात पट्ट्या घातल्या. सातवी चोरपट्टी. कोणी तारेनं चाळवलं की ती खाली पडते अन् बाकीच्यांना जागच्या जागी धरून बसते. असं कुलूप मी जन्मात एकच केलं. दुसरं करायला डोळे राह्यले न्हाईत.

कपाट बसवताना बापूसाहेबांच्या मातोश्री, आक्का, दारात उभ्या. आक्काचं वय तिलाच ठाऊक न्हाई, पण जीभ अजून पंचविशीतली.

"मिस्त्री, आत बंदूक ठेवायचीय का हत्ती?"

"आक्का, चोर आला तर ह्याला डोकं आपटून परत जाईल."

"अन् आमालाच उघडावं वाटलं तर?"

"चावी लावा."

"अन् चावी लागली न्हाई तर?"

"माझं कुलूप आहे, लागंल कशी न्हाई?"

"हं," आक्का म्हणाली. त्या हं मध्ये लै काही होतं, मला तवा ऐकू आलं न्हाई.

बापूसाहेबांना कपाट बैठकीत पाहिजे होतं, पाहुण्यांना दिसायला. मी नाही म्हणलो. ते रुसले. मी हत्यारं पिशवीत भरायला लागलो, तवा ते मानले. कपाट देवघराच्या बाजूच्या अंधाऱ्या खोलीत गेलं. मंग मी बजावलं: काडतुसं बंदुकीच्या शेजारी ठेवायची न्हाईत, वेगळी पेटी, वेगळी चावी, अन् ती चावी दुसऱ्या माणसाकडं. बंदूक उगाच बाहेर काढायची न्हाई. दसऱ्याला चार लोकांसमोर पाटावर मांडून पूजा तर बिलकुल न्हाई; त्या चारांतला एक बाहेर जाऊन बोलतोच.

"मंग खंडेनवमीला पूजा कशाची करावी?" आक्कानं विचारलं.

"कपाट बंद ठेवा, मनातल्या मनात करा," मी म्हणलं.

इथंच माझं वाक्य अर्धं ऐकलं गेलं. कपाट बंद ठेवलं. मनातल्या मनात मात्र केलं न्हाई.

दसरा झाला अन् पाठोपाठ निवडणूक लागली. आता ज्यांच्याकडं बंदूक नसते त्यांना हे ठाऊक नसतं: निवडणूक लागली, की ठाण्याकडून नोटीस येते अन् बंदूक ठाण्यात नेऊन जमा करावी लागते. मुदतीत जमा केली न्हाई तर परवाना जायची वेळ. सगळं उरकल्यावर बंदूक परत मिळते. बापूसाहेब आळशी माणूस, मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी कपाटापुढं चावी घेऊन गेले. चावी अर्धी आत गेली अन् थांबली.

मला फोन आला. आवाज रडका. "मिस्त्री, तुमची सातवी पट्टी माझा परवाना खाऊन राह्यली."

गाडी मिळंल ती धरून मी पोचलो. बॅटरी लावून चावीच्या भोकात बघितलं. आत पिवळं. बोट लावलं, चिकट. मुंग्यांची रांग भोकातून आत चालली होती, लग्नाला निघाल्यासारखी. वास घेतला. वेलदोडा!

"आक्का," मी म्हणलं, "हे काय आहे?"

"पुरण," आक्का म्हणाली, जसं काही कुलपात पुरण असतंच.

"पुरण इथं कसं आलं?"

"तुमीच म्हन्ले ना, बंदूक बाहेर काढायची न्हाई. मंग मी कपाटाचीच पूजा केली. हळदीकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाह्यलं, अन् निवद दाखवला. आता निवद नुसता दाखवून ठेवत असतेत का? देवाच्या तोंडाला लावतेत, बैलाच्या तोंडाला लावतेत. हेच एक तोंड दिसलं. वर तुपाची धार सोडली, घशाला लागू नये म्हणून."

बापूसाहेबांनी कपाळाला हात लावला. मी पिशवी उघडली.

गुळाचं पुरण वाळलं की कसं होतं, हे कोणत्या बी सुगरणीला विचारा. पाट्यावर राह्यलेलं पुरण दुसऱ्या दिवशी उलथन्यानं खरवडावं लागतं. हे तर कुलपाच्या पोटात बसून कित्येक दिवस वाळलेलं. तारेनं टोकरलं तर वरचा खपला निघाला, खालचं दगड. जोरात टोकरायची हिंमत न्हाई, कारण चोरपट्टी पडली तर खेळ खलास. मीच बसवलेली पट्टी, ती मलाच चोर समजणार. मंग सायकलचा पंप लावून हवा मारली. त्यानं पुरण बाहेर यायच्याऐवजी अजून आत गेलं. मंग रॉकेल घातलं. हे ध्यानात ठेवा: रॉकेल घातलं.

"मिस्त्री," आक्का मागून म्हणाली, "गूळ हाय तो. गरम पाणी घाला, इरघळंल."

"आक्का, कुलपात पाणी घालायचं नसतं. गंज धरतो. मी हा धंदा जन्मभर केला."

"अन् मी पुरण जन्मभर केलं."

"तुमी पुरणाचं बघा, मी कुलपाचं बघतो."

"कुलपात पुरणच हाय की!"

मी रॉकेलचे अजून चार थेंब सोडले. धंद्यात काही गोष्टींना उत्तर द्यायचं नसतं.

तेवढ्यात ठाण्याचे जमादार आले. भला माणूस, पोटानं मोठा, आवाजानं बारीक. बंदूक का आली न्हाई ते बघायला आलेले. सगळं ऐकून घेतलं, भोकात डोकावले, वास घेतला, अन् खुर्चीवर बसले.

"बापूसाहेब, दिवस मावळायच्या आत बंदूक ठाण्यात पाहिजे. न्हाई तर मला तसं वर लिहून द्यावं लागंल. अन् कारण काय लिहू? कुलूप पुरण खाऊन बसलं?"

"साहेब, कपाटच उचलून आणतो," बापूसाहेब म्हणाले.

"उचलता येत न्हाई," मी म्हणलं.

"काहून?"

"नट आतून आहेत."

तिघंही माझ्याकडं बघायला लागले. आता ह्यात चूक काय आहे? चोरासाठी बनवलं होतं.

बापूसाहेबांनी शेवटी अन्वर वेल्डरला बोलावलं. अन्वर गावातला, माझ्याहून तरुण, हातात ग्राइंडर, चेहऱ्यावर ईद.

"चाचा, हटो जरा. दो मिनिट का काम है."

"हात तर लावून दाखव," मी कपाटापुढं उभा राह्यलो. "आज हे कापलं, की उद्या सगळ्या तालुक्यात बोलतील, मिस्त्रीचं कपाट दोन मिनिटांत फुटलं. चोर बी ऐकतील. मंग माझी गिऱ्हाइकं कुठं जातील?"

"चाचा, इज्जत तुमची, परवाना बापूसाहेबांचा. दोनों में से एक जाएगा."

"तुला बी दोन मिनिटांत जमणार न्हाई. दोन पदरी आहे. तुझी चार चकत्या झिजतील."

"चाचा, पैज?"

"चल अंगणात! तिथं ह्याच पत्र्याचा तुकडा पडलाय. तो कापून दाखव आधी."

बापूसाहेब हात जोडायला लागले. "मिस्त्री, वडलांची निशाणी आहे हो. तुमच्या पाया पडतो, कापू द्या." मला त्यांच्याकडं बघवेना, खरं सांगतो. माणूस उन्हात बाग राखतो तवा त्याच्या डोळ्यात पाणी येत न्हाई, अन् त्या दिवशी आलं होतं. पण मी अन्वरला घेऊन अंगणात गेलोच. तो तुकडा कापायला लागला. ठिणग्या उडाल्या, कुत्री पळाली, जमादार बघायला बाहेर आले. एक चकती झिजली. दुसरी फुटली. मी मिशीला हात लावला.

"बघ! मी काय म्हणलो?"

तेवढ्यात आतून बापूसाहेबांची आरोळी. आम्ही पळत गेलो. कपाट उघडं. बापूसाहेब चावीला मिठी मारून उभे. फरशीवर पिवळ्या पाण्याचा ओघळ, त्यात मुंग्या पोहून राह्यल्या, अन् आक्का चहाची किटली घेऊन उभी. किटलीचं तोंड भोकाला लावून तिनं सगळं कढतं पाणी ओतलं होतं.

"इरघळलं," आक्का म्हणाली.

मी म्हणलं, "रॉकेल भिनायला वेळ लागतो. आत्ता भिनलं."

जमादार हसले. अन्वर हसला. हसू द्या. मी लगेच कुलूप उतरवून उन्हात वाळवलं, तेल दिलं, तवा कुठं जिवाला बरं वाटलं.

बंदूक खोळीत घालून आम्ही जमादारांच्या पाठोपाठ ठाण्यावर गेलो, दिवस अजून वर होता. जमादारांनी बंदूक टेबलावर ठेवली, नियमानं मधून मोडून उघडली अन् नळीत बघितलं. आतून एक मुंगी बाहेर आली. तिच्या मागं दुसरी. मंग सगळी वरातच निघाली, टेबलावरून शिक्क्याच्या डबीकडं.

"बापूसाहेब," जमादार म्हणाले, "बंदूक जमा करून घेतो. पण ह्या मुंग्यांचा परवाना कुठंय?"

बापूसाहेबांचा परवाना बचावला. घरी जाऊन ते दोन भाकरी जादा जेवले म्हणे. मी मात्र जेवलो न्हाई. माझ्या डोक्यात ते कुलपाचं तोंड घुसलं होतं. आक्काला पुरण लावू नका म्हणून सांगणं म्हणजे रोह्याला मोसंबी खाऊ नको म्हणून सांगणं. माणसाला बदलता येत न्हाई, दार बदलता येतं. म्हणून पुढल्या दसऱ्याच्या आधी मी हत्यारं घेऊन परत गेलो. खऱ्या भोकावर कपाटाच्याच रंगाची सरकती चकती बसवली. ती कशी सरकते हे बापूसाहेबांना अन् मला ठाऊक. अन् मधोमध एक खोटं भोक केलं. पितळेची कड, घासून चकचकीत, मागून बंद. आत एक छोटी लोखंडी वाटी.

"आक्का, हे तुमच्या निवदाचं तोंड. ह्यात काय घालायचं ते घाला."

आक्कानं बोट घालून बघितलं. "मोठं हाय. पोटभर खाईल."

त्या दसऱ्याला तिनं त्याला खरंच पोटभर चारलं. वर तूप.

मंग दसऱ्यानंतरची चतुर्थी आली. सगळं घर राजूरच्या गणपतीला गेलं, आक्कासकट. कोणीतरी पाळत ठेवली असणार. भर दुपारी चोर मागच्या दाराची कडी उचकटून आत शिरला, अन् थेट त्या अंधाऱ्या खोलीत. बंदूक चोरीला गेली असती, तर परवाना तर गेलाच असता, वर त्या बंदुकीनं कुठं काय झालं असतं त्याची उत्तरं बापूसाहेबांना जन्मभर द्यावी लागली असती.

संध्याकाळी फोन आला. मी पोचलो तवा जमादार आधीच आलेले. कपाट बंद. खऱ्या भोकावरची चकती जागच्या जागी, तिला ओरखडा न्हाई. अन् मधल्या खोट्या भोकात एक लोखंडी आकडा उभा रुतलेला, चांगल्या घडणीचा, हातानं बनवलेला. चोर चांगलाच कारागीर असला पाहिजे. त्यानं आकडा त्या वाळलेल्या पुरणात खुपसला, फिरवला, वाकवला, मंग ओढला. आकडा निघंना. फरशीवर पायानं रेटा दिल्याच्या खुणा होत्या. शेवटी आकडा तिथंच सोडून गेला गडी. हाताला मुंग्या चावल्या असतील त्या वेगळ्या.

जमादारांनी आकडा धरून ओढला. निघाला न्हाई. बापूसाहेबांनी ओढला. न्हाई. मी पिशवीतून रॉकेलची बाटली काढली.

"मिस्त्री," आक्का म्हणाली, "पाणी ठेवू का?"

आता गावात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, मिस्त्रीच्या खोट्या भोकानं चोर फसला. दुसरा म्हणतो, आक्काच्या पुरणानं धरला. आक्का दुसऱ्या पक्षाची म्होरकी. माझं दुःख वेगळंच आहे, अन् ते मी कोणाला सांगितलं न्हाई. त्या कपाटात सात पट्ट्यांचं कुलूप आहे. सातवी चोरपट्टी. जन्मभराची सगळी अक्कल मी त्या मूठभर पितळात भरली, अन् इतका हुशार, इतक्या चांगल्या आकड्याचा चोर चालून आला, तो त्याच्यापर्यंत पोचलाच न्हाई. वीतभर अंतरावर पुरणात अडकला. माझ्या कुलपाची परीक्षा राहूनच गेली.

म्हणून मी जमादारांना सांगून ठेवलंय. तो गडी कधी सापडला, तर हातकडी घालायच्या आधी त्याला फक्त एकदा, तुमच्या सगळ्यांच्या समोर, खऱ्या भोकापुढं बसवा. त्याचा आकडा मी जपून ठेवलाय, तेल लावून. बसू द्या त्याला निवांत, पाहिजे तितका वेळ.

जमादार म्हणतात, असा काही नियम न्हाई. आक्का म्हणते, बसवा की, किटली मी ठेवते.